आद्य प्रारूप आणि अंतिम आवृत्ती : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेमचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही कलाकृतीचा विचार करताना समीक्षकासमोर बहुधा तिचे पूर्णत्वास गेलेले रूप असते. कादंबरीची छापील प्रत, नाटकाचा रंगमंचावरील प्रयोग किंवा चित्रपटाची प्रदर्शित आवृत्ती हीच अभ्यासाची सामग्री मानली जाते. त्याआधीचे खर्डे, गाळलेले प्रसंग आणि बदललेले शेवट यांच्याकडे फार तर चरित्रात्मक कुतूहलाचा विषय म्हणून पाहिले जाते. व्हिडिओ गेम या तुलनेने नव्या माध्यमाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. मराठीत या माध्यमाची चर्चा प्रामुख्याने मुलांवरील परिणाम, व्यसन आणि वेळेचा अपव्यय या अंगांनी झाली आहे. खेळ ही एक रचलेली कृती आहे, तिला घडणीचा इतिहास असतो आणि त्या इतिहासातून तिचा अर्थ उलगडतो, या दिशेने फारसा विचार झालेला नाही.

प्रस्तुत लेखात जॉर्डन मेकनर या अमेरिकन रचनाकाराने १९८५ ते १९८९ या काळात घडविलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचे आद्य प्रारूप आणि त्याची अंतिम आवृत्ती यांचा तौलनिक विचार केला आहे. हा खेळ प्रथम ॲपल-टू या संगणकासाठी ऑक्टोबर १९८९ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने प्रसिद्ध केला. १९९० मध्ये त्याची डॉस प्रणालीसाठीची आवृत्ती आली. नव्वदच्या दशकात भारतात वैयक्तिक संगणकांचा प्रसार झाला, तेव्हा याच आवृत्तीने तो अनेकांच्या परिचयाचा झाला. तुरुंगातून निघालेला, पांढऱ्या वेशातील, हातात तलवार घेतलेला राजपुत्र असे त्याचे रूप सर्वांच्या स्मरणात आहे. मात्र मूळ कल्पनेत या राजपुत्राच्या हाती शस्त्र नव्हते. शस्त्राविना खेळण्याचा खेळ शस्त्राचा खेळ कसा झाला आणि तसे होताना त्याचे मूळ सूत्र हरवले काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पाठभेद आणि प्रारूपभेद

एकाच कृतीची अनेक रूपे असणे ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवी नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. नामदेवांच्या रचनांचा अभ्यास हा तर पाठचिकित्सेचा एक वस्तुपाठच आहे. त्यांची ६१ पदे १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी संकलित केलेल्या आदिग्रंथात समाविष्ट झाली आणि तेथे त्यांचा पाठ स्थिर झाला. मराठी अभंग मात्र कीर्तनकारांच्या मुखातून आणि वारकऱ्यांच्या बाडांतून पुढे आले. त्यामुळे शब्द बदलले, चरण पुढे-मागे झाले, तसेच विष्णुदास नामा यांच्यासारख्या उत्तरकालीन कवींच्या रचनाही ‘नामा’ या मुद्रेखाली मिसळल्या. कोणता पाठ मूळचा, हे ठरविण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

तथापि या दोन प्रकारच्या भेदांत एक महत्त्वाचा फरक आहे. अभंगांतील पाठभेद हे रचनेनंतरचे असून ते इतरांच्या स्मृतीतून व लेखणीतून निर्माण झाले. खेळाच्या प्रारूपातील भेद हे रचनापूर्व असून ते स्वतः रचनाकाराच्या निर्णयातून निर्माण होतात. पाठचिकित्सा मागे जाऊन मूळ रूपाचा शोध घेते. प्रारूपचिकित्सेत मूळ रूप हे गंतव्य नसते, तर कोणत्या वळणावर कोणता निर्णय झाला हे दाखविणारा तो पुरावा असतो. म्हणून आद्य प्रारूपाला अंतिम आवृत्तीचे अपुरे रूप समजणे ही जशी चूक, तशीच त्याला अधिक शुद्ध किंवा अधिक अस्सल रूप समजणे हीही चूकच होय.

अशा अभ्यासासाठी साधने उपलब्ध असावी लागतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’बाबत ती असाधारण प्रमाणात उपलब्ध आहेत. मेकनर यांनी १९८५ ते १९९३ या काळातील आपल्या रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. खेळाची मूळ आज्ञावली अनेक वर्षे हरवली आहे असे समजले जात होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या डिस्क सापडल्या, जाणकारांच्या साह्याने त्या वाचण्यात आल्या आणि त्याच वर्षी ती आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली.

आद्य प्रारूपाचे स्वरूप

मेकनर यांचा ‘कराटेका’ हा पहिला यशस्वी खेळ १९८४ मध्ये आला. त्याचा गाभा द्वंद्वयुद्ध हा होता. पुढच्या खेळात त्यांना वेगळे काही साधायचे होते. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाच्या आरंभीची सुमारे दहा मिनिटे, म्हणजे सापळ्यांनी भरलेल्या गुहेतून नायकाचे धावणे, उड्या मारणे आणि थोडक्यात बचावणे, हे त्यांचे एक प्रेरणास्थान होते. या प्रसंगातील थरार हा शत्रूला मारण्यातून येत नाही, तो शरीर आणि वास्तू यांच्या संघर्षातून येतो.

या कल्पनेला अनुसरून शरीराची हालचाल शक्य तितकी खरी दिसावी असा त्यांचा आग्रह होता. १९८५ मध्ये त्यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याचे पांढऱ्या कपड्यांत धावतानाचे, उडी मारतानाचे आणि चढतानाचे चित्रीकरण व्हिडिओ फितीवर केले. ती फीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर थांबवीत एकेका क्षणाचे छायाचित्र घेतले, छायाचित्रांवरील आकृतीची बाह्यरेषा गडद केली आणि ती चित्रे संगणकात उतरविली. रोटोस्कोपिंग या नावाने ही पद्धत चित्रपटसृष्टीत पूर्वीपासून परिचित होती. घरगुती संगणकावरील खेळात मात्र इतकी जिवंत हालचाल त्याकाळी दुर्मीळ होती. धावणारा मनुष्य एकदम थांबत नाही, त्याचे पाऊल घसरते. उडी चुकली तर तो कड्याला लोंबकळतो. उंचावरून पडला तर मरतो. देहाला वजन आहे, ही जाणीव या खेळाने खेळाडूला करून दिली.

आद्य प्रारूपातील जग या देहाभोवती उभे राहिले. पाय पडताच निखळणाऱ्या फरश्या, जमिनीतून वर येणारे सुळे, मध्येच मिटणारी पाती, दाबाने उघडणारे व हळूहळू बंद होणारे दरवाजे ही त्यातील सामग्री होय. नायक निःशस्त्र होता. तो वास्तूला वाचून, अंदाज घेऊन आणि योग्य क्षण साधून निसटणार होता. संघर्षाच्या दृष्टीने पाहता हे प्रारूप ‘मनुष्य विरुद्ध वास्तू’ या एकाच सूत्रावर उभे होते.

बदलाची कारणे

हे सूत्र तत्त्वतः आकर्षक असले तरी प्रत्यक्षात खेळ रिकामा वाटू लागला. हालचाल सुंदर होती, परंतु त्या सुंदर हालचालीला कोणी प्रतिपक्ष नव्हता. टोमी पियर्स या सहकाऱ्याने खेळात लढाई हवी असा आग्रह धरला. तो मान्य करण्यात मेकनर यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली तात्त्विक होती : निःशस्त्र नायकाची कल्पना सोडावी लागणार होती. दुसरी तांत्रिक होती : १२८ किलोबाइट मेमरीतील बहुतेक जागा राजपुत्राच्या हालचालींच्या चित्रांनी आधीच व्यापली होती. तितकीच जिवंत हालचाल करणारे दुसरे पात्र ठेवण्यास जागा उरली नव्हती.

या टंचाईतून जो मार्ग निघाला तो या खेळाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. नवे पात्र साठविण्यास जागा नाही, तर असलेल्या पात्राचेच दुसरे पात्र करावे, असा तो मार्ग होता. राजपुत्राची आकृती एका बिंदूने सरकवून तिच्यावर मूळ आकृतीशी ‘एक्स-ऑर’ ही तार्किक क्रिया केली असता पडद्यावर एक झिरझिरीत, पिशाच्चवत रूपरेषा उमटते. चित्रांचा वेगळा साठा न करता नायकाला त्याचा प्रतिस्पर्धी मिळाला. हाच ‘छायापुरुष’. पुढे मेमरीत आणखी जागा शोधून काढल्यावर तलवारधारी पहारेकरी आले. त्यांच्या द्वंद्वासाठी १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातील एरॉल फ्लिन व बेसिल रॅथबोन यांच्या तलवारबाजीतील काही सेकंदांचा, दोघेही बाजूने दिसणारा भाग आधार म्हणून घेतला गेला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. छायापुरुषाची कल्पना आधी सुचली आणि मग तंत्र शोधले गेले असे घडले नाही. तंत्राच्या मर्यादेने एक आकृती पुढे केली आणि रचनाकाराने तिच्यातील अर्थ ओळखला. केवळ अंतिम आवृत्ती पाहणारा समीक्षक छायापुरुषाला आरंभापासून योजलेले रूपक समजेल. प्रारूपाचा इतिहास माहीत असलेल्या समीक्षकाला हे रूपक अभावातून जन्मलेले दिसेल. दोन्ही वाचनांत रूपक तेच राहते, परंतु निर्मितीविषयीचे आकलन बदलते.

अंतिम आवृत्तीतील आद्य प्रारूपाचा अंश

अंतिम आवृत्तीची कथा थोडक्यात अशी : सुलतान युद्धावर गेला असता वजीर जाफर सत्ता बळकावतो, राजकन्येला विवाह किंवा मृत्यू यांतून निवड करण्यास एका तासाची मुदत देतो आणि तिच्या प्रियकराला तळघरात टाकतो. खेळाडूलाही प्रत्यक्ष साठ मिनिटांतच सारे टप्पे पार करावे लागतात. वाटेत अनेक पहारेकरी येतात. वरवर पाहता निःशस्त्र नायकाचा खेळ पूर्णपणे बाजूला पडून तलवारीचा खेळ सिद्ध झाला, असे वाटते. बारकाईने पाहिल्यास मात्र निराळे चित्र दिसते.

पहिल्या टप्प्यात नायकाकडे तलवार नाही. पहारेकऱ्यापुढे रिकाम्या हाताने गेल्यास मृत्यू अटळ आहे. तलवार तळघरात दुसरीकडे पडलेली असून ती मिळेपर्यंत खेळाडू धावणे, लोंबकळणे आणि फरश्यांचा अंदाज घेणे एवढेच करतो. म्हणजे अंतिम आवृत्तीचा आरंभ हा वस्तुतः आद्य प्रारूपच आहे.

तिसऱ्या टप्प्यात एक सांगाडा उठून लढू लागतो. तो तलवारीने मरत नाही. त्याला रेटत कड्यापर्यंत नेऊन खाली पाडावे लागते. येथे तलवार अपुरी पडते आणि वास्तू कामी येते. आठव्या टप्प्यात नायक बंद दरवाज्याआड अडकतो. तेथे शौर्याचा काहीच उपयोग नसतो. थांबून राहावे लागते. काही वेळाने राजकन्येने पाठविलेला छोटा उंदीर येऊन कळ दाबतो आणि दरवाजा उघडतो. सतत घड्याळाशी झुंजणाऱ्या खेळात थांबणे हेच उत्तर ठरावे, ही योजना विशेष उल्लेखनीय आहे.

छायापुरुषाचा प्रसंगक्रम याहून महत्त्वाचा आहे. चौथ्या टप्प्यात वाटेत आरसा उभा राहतो. त्यातून झेप घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही, आणि झेप घेताच दुसऱ्या बाजूने नायकाची छाया निसटून पळते. पाचव्या टप्प्यात ती त्याच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, सहाव्यात दरवाजा बंद करून त्याला खाली लोटते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. तोपर्यंत खेळाने खेळाडूला शिकविलेले असते की तलवारधारी समोर आला की वार करावा. या वेळी मात्र छायेवर केलेला प्रत्येक वार नायकाच्याच प्राणशक्तीतून वजा होतो. छाया मेली तर तोही मरतो. एकच उपाय उरतो : तलवार म्यान करणे. दोघे एकमेकांकडे चालत जातात आणि एकरूप होतात. त्यानंतर ज्या पोकळीवर पूर्वी आधार नव्हता तेथे पायाखाली वाट उमटत जाते.

निःशस्त्र नायकाचे आद्य सूत्र अशा रीतीने कथेच्या शिखरस्थानी परत येते. फरक इतकाच की आद्य प्रारूपातील नायकाला शस्त्र मिळालेच नव्हते, तर अंतिम आवृत्तीतील नायक हाती असलेले शस्त्र स्वेच्छेने खाली घेतो. शस्त्राचा त्याग अर्थपूर्ण होण्यासाठी शस्त्र आधी हाती यावे लागते. तलवार आल्याने मूळ कल्पना नष्ट झाली असे नव्हे. तिला नैतिक वजन प्राप्त झाले. संघर्षाची सूत्रेही एकाची तीन झाली : मनुष्य विरुद्ध वास्तू, मनुष्य विरुद्ध मनुष्य आणि मनुष्य विरुद्ध स्वतः.

विकास की तडजोड?

या निष्कर्षावर आक्षेप घेता येईल. लढाईचा समावेश हा बाजाराच्या अपेक्षेला दिलेला होकार होता, आणि छायापुरुषानंतरही जाफरशी अखेरचा सामना तलवारीनेच होतो, हे नाकारता येत नाही. शस्त्र म्यान करण्याचा धडा शिकल्यावर लगेच ते पुन्हा उपसावे लागणे ही विसंगती आहे. मध्यंतरीचे काही पहारेकरी केवळ अडथळ्याची संख्या वाढवितात, हेही मान्य करावे लागेल. निःशस्त्र नायकाचा संपूर्ण खेळ सिद्ध झाला असता तर तो कदाचित अधिक एकसंध ठरला असता.

परंतु या आक्षेपाला मर्यादा आहे. पहारेकऱ्यांशी होणारे द्वंद्व वास्तूपासून तुटलेले नाही. मागे सरणारा नायक सुळ्यांवर जाऊ शकतो, तसेच पहारेकऱ्यालाही मिटणाऱ्या पात्यांकडे रेटता येते. प्रत्येक चकमकीत मुदतीतील मोलाची सेकंदे खर्च होतात. म्हणजेच नवे तत्त्व जुन्या तत्त्वाच्या नियमांत बसविले गेले आहे. बाजाराची मागणी हे बदलाचे निमित्त असले तरी त्या बदलाचे रूप बाजाराने ठरविलेले नाही. तडजोड आणि निर्णय यांतील सीमारेषा येथेच सापडते : जुन्या आशयाला न विचारता नवे घटक लादले गेले तर ती तडजोड, जुन्या आशयाची पुन्हा मांडणी झाली तर तो निर्णय.

अन्य उदाहरणांशी तुलना

प्रारूप आणि अंतिम आवृत्ती यांचे नाते सर्वत्र सारखे नसते, हे अन्य दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून स्पष्ट होते. जपानमधील कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा खेळ जानेवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी त्याचे बरेचसे पूर्ण झालेले प्रारूप रद्द करून काम नव्याने सुरू करण्यात आले होते. रद्द प्रारूपातील नायिका एल्झा वॉकर हिच्या जागी आधीच्या खेळातील नायकाची बहीण क्लेअर रेडफिल्ड आली. साध्या आधुनिक पोलीस ठाण्याच्या जागी जुन्या कलासंग्रहालयाच्या वास्तूतील ठाणे आले. येथे आद्य प्रारूपाचा बहुतांशी त्याग झाला.

सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग २’ (१९९२) मध्ये ‘हिडन पॅलेस’ हा संपूर्ण विभाग वगळला गेला, परंतु त्याचे संगीत विक्रीस आलेल्या प्रतीतही राहून गेले. चाहत्यांनी या खुणेवरून वर्षानुवर्षे त्या विभागाचा माग काढला आणि २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत तो विभाग अखेर समाविष्ट झाला. येथे आद्य प्रारूप अवशेषरूपाने टिकले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये मात्र ते अंतर्भूत झाले. त्याग, अवशेष आणि अंतर्भाव असे या नात्याचे तीन प्रकार मानता येतील.

महाराष्ट्रातील संदर्भ आणि जतनाचा प्रश्न

हा विचार परदेशातील कृतींपुरता मर्यादित राहण्याचे कारण नाही. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ घडविला. भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी, तिच्या हाती आलेले दुर्गेचे त्रिशूळ, भारतीय चित्रशैलींचा आधार घेतलेली दृश्ये आणि छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेले कथाप्रसंग ही त्याची वैशिष्ट्ये. २०१७ मध्ये संस्थेने लोकवर्गणीचे आवाहन केले आणि त्यासोबत खेळाचा एक नमुनाभाग लोकांसमोर ठेवला. अपेक्षित निधी मात्र जमला नाही. पुढे अन्य मार्गांनी काम चालू राहून २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात हिंदी संवादांची सोय झाली. म्हणजे एकाच कृतीची किमान तीन रूपे पाच वर्षांत लोकांसमोर आली. त्यांचा तौलनिक अभ्यास मराठी समीक्षकाला जवळचा आणि आवश्यक आहे.

येथे जतनाचा प्रश्न उभा राहतो. महाजालावरून वितरित होणाऱ्या खेळात नवी आवृत्ती बहुधा जुनीच्या जागी बसते आणि जुनी वापरकर्त्याच्या हाती राहत नाही. बाड जीर्ण झाले तरी त्याचे पान शिल्लक राहते. संगणकातील फाइलवर नवी फाइल लिहिली की मागे काहीच उरत नाही. मेकनर यांच्या डिस्क एका खोक्यात राहिल्या हा योगायोग होता. २०२३ मध्ये डिजिटल एक्लिप्स या संस्थेने ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ या संकलनात त्यांच्या पहिल्या खेळाची प्रारूपे प्रत्यक्ष खेळता येतील अशा स्वरूपात उपलब्ध करून दिली. प्रारूप हे प्रकाशनयोग्य साधन असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मराठवाड्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून लहान खेळ व कार्यक्रम तयार करतात. अंतिम कार्यक्रमाबरोबर त्याच्या टप्प्याटप्प्याच्या प्रती आणि निर्णयांची नोंदवही जमा करून घेण्याची प्रथा पडल्यास अभ्यासाचे साधन घरचेच निर्माण होईल.

निष्कर्ष

१. आद्य प्रारूप हे अंतिम आवृत्तीचे अपूर्ण रूप नसून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर शोधणारी स्वतंत्र रचना असते.

२. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तील निःशस्त्र नायकाचे सूत्र अंतिम आवृत्तीत लोपले नाही. ते आरंभी, मधल्या निवडक प्रसंगी आणि छायापुरुषाच्या भेटीत टिकून राहिले व तेथे अधिक अर्थपूर्ण झाले.

३. तांत्रिक मर्यादा केवळ अडथळा ठरत नाही. रचनाकार सजग असेल तर ती आशयाची जननी होऊ शकते.

४. प्रारूप व अंतिम आवृत्ती यांच्या नात्याचे त्याग, अवशेष आणि अंतर्भाव असे तीन प्रकार संभवतात. कोणता बदल समर्थनीय, हे या नात्याच्या परीक्षणावरून ठरवावे लागते.

५. नामदेवांच्या गाथेचा अभ्यास अनामिक लेखकांनी जपलेल्या बाडांमुळे शक्य झाला. डिजिटल कृतींच्या बाबतीत असे जपणारे हात आज निर्माण झाले नाहीत, तर पुढील समीक्षेला केवळ शेवटचे रूप दिसेल आणि त्यामागील निर्णय कायमचे अदृश्य राहतील.